आधी मार, मग खुलासा

वहिनी,

चप्पल काढू नकोस. स्वयंपाकघरभर काचा आहेत आणि भिंतीवरचं रक्त दादाचं आहे. त्याची भुवई फुटलीय, टाके घालायला दवाखान्यात नेतेय. माझाही एक दात हलतोय.

तलफ आली की एकमेकांना हाक मारायची, असं सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात आम्हा भावाबहिणीला शिकवलंय. घरी आम्ही त्यावर आपला नियम चढवला: जो पाकिटासकट सापडेल त्याला आधी मार, मग खुलासा. कारण ओढणाऱ्याचे खुलासे फार गोड असतात, हे दोघांनाही चांगलं ठाऊक.

आज दादा साबणाच्या पावडरच्या डब्यातून पाकीट काढताना सापडला. माझं डोकंच फिरलं. कुकरचं झाकण हाताला लागलं, तेच त्याच्या कपाळात घातलं. त्याने मला ढकललं, मी कपाटाच्या काचेत गेले, उठून पुन्हा हाणलं. तो नुसता "थांब, थांब" ओरडत होता.

फरशीवरचं रक्त पुसताना सांडलेल्या सिगारेटी नीट पाहिल्या. बारीक, पुदिन्याच्या. दादा असल्यांना शिव्या घालतो आणि मला त्यांच्या वासानेच मळमळतं.

घरात तिसरं कोण राहतं, वहिनी?

इतका मार खाल्ला, पण तुझं नाव घेतलं नाही त्याने.

संध्याकाळी गटाला तिघं जाऊ. नाही म्हणायचं असेल तर म्हण. झाकण धुऊन जागेवर ठेवलंय.