करंगळीचं बटण

काथांबी,

राजमा भिजत घातलाय, तेवढा शिजवून घे. माझी किल्ली खाली वॉचमनकडे दिलीय. मी किसुमूला बहिणीकडे चाललेय. फोन करू नकोस.

आजीला बघायला मेरूला जातेयस म्हणालीस ना? मग काल प्रदर्शनात आपला कीबोर्ड घेऊन स्टेजवर कोण उभं होतं? "मी एकटीने बनवला," म्हणे! बाई गं, कोर्टातली रेकॉर्डिंगं टाइप करून करून माझी मनगटं सुजली, म्हणून आपण तो बनवायला घेतला. मापासाठी गरम उगालीच्या, मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट उकडीच्या, गोळ्यात पंजे कुणी दाबले? भाजले ते माझे हात. आणि तू हसत विचारत होतीस, "आता ही उगाली खायची कोणी?"

परीक्षकांनी विचारलं, डावीकडचं शेवटचं बटण इतकं आत का? तू बेधडक म्हणालीस, "त्याने ताण कमी होतो." तेव्हा तरी माझं नाव घ्यायचंस.

विकायला काढशील तेव्हा ते बटण बाहेर सरकव. सगळ्यांची करंगळी माझ्यासारखी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली नसते.

न्याबोके