उसाच्या भुशातले तंतू

६ जानेवारी १९९७
आज विभागाचे हेड सगळ्यांसमोर म्हणाले, "दीपाबाई, तुम्ही प्रयोगशाळेत चंबू धुवायला आहात. संशोधनाला प्राध्यापक आहेत."
धुतले सगळे. शेवटच्यात कारखान्यावरून आणलेला उसाचा भुसा भरला! बी.एस्सी. मीही आहे. जागा परिचराची मिळाली म्हणून केमिस्ट्री विसरायची का?
भुशातले तंतू सुटे करून पाहायला शांतवन सरांची परवानगी आहे. विभागात माझ्याशी माणसासारखं बोलणारे ते एकटेच. कॉलेज सुटल्यावर पाच ते सात.

९ जानेवारी
हेडचं म्हणणं — कॉस्टिक सोड्यात उकळा, तासाभरात तंतू मोकळे. होतील की! आणि ते काळं पाणी कुठे सोडायचं? आमच्या गावाजवळची पुठ्ठ्याची गिरणी हेच करते. ओढ्यावर धुणं धुऊन बायडामावशीच्या पायांची सालं निघाली. "लई आग व्हती गं पोरी," एवढंच म्हणते.
कॉस्टिक नाही म्हणजे नाही. अल्कोहोल, पाणी, थोडं व्हिनेगरमधलं ॲसिड. वाफ वरच्या नळीत थंड होऊन परत चंबूत. अल्कोहोल पुन्हा वापरता येतं. ओढ्याला काही जात नाही.

२१ जानेवारी
फसलं. तिसऱ्यांदा. भुसा तपकिरी तो तपकिरीच. हेड दारातून — "काय, चहा झाला का?"

२२ जानेवारी
पुन्हा लावला.

१७ फेब्रुवारी
पांढरा!! गाळणकागदातून गाळला, कागदावरून खरवडला, पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवला. दुधासारखं झालं. तासभर ठेवलं तरी तळाला काही बसेना. सरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवून पाहिली. मग — "फार बारीक आहेत हे, दीपा. पुण्याला पाठवू. तिथे मोठा मायक्रोस्कोप आहे."

१४ मार्च
फोटो आले. तंतूंचं जाळं — एकेक तंतू केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या भागाएवढा. प्लॅस्टिकमध्ये मिसळले तर त्याला बळकटी येते म्हणे. माझ्या भुशाचे! सरांनी पेढे आणले. हेडनी फोटो "फाइलला लावतो" म्हणून नेले.

२२ मार्च
आज कॉलेजात चर्चासत्र होतं. हेडनी पडद्यावर माझेच फोटो दाखवले. "आमच्या विभागाने..." माझं नाव नाही. सरांचंही नाही.
पुण्याच्या एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अल्कोहोल आणि पाण्याचं प्रमाण काय घेतलंत?"
हेड चाचरले. "ते... गरजेप्रमाणे."
मी मागे कप गोळा करत होते. ट्रे खाली ठेवला. "साठ भाग अल्कोहोल, चाळीस पाणी. सहा तास, रोज दोन-दोन. आधी कितीदा तरी फसलं."
"आपण?"
"हे मी केलंय. दीपा भिंगारदिवे."
बाईंनी माझं नाव वहीत लिहून घेतलं.

२३ मार्च
अण्णांना सांगितलं, नोकरी जाईल बहुतेक. वडील म्हणून ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "जाऊ दी. गप बसली असतीस तर मी बोललो नसतो तुझ्याशी."

३ एप्रिल
मेमो मिळाला. 'पाहुण्यांसमोर बेशिस्त वर्तन.' उत्तर दिलं — खरं तेच बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.
दुपारी त्या पुण्याच्या बाईंचं पत्र आलं, थेट माझ्या नावावर! लेख माझ्या नावाने छापायचा म्हणतात, मजकूर त्यांनी लिहूनही ठेवलाय. शेवटी एक ओळ — 'भुसा न घालता नुसता गाळणकागद असाच खरवडून, फिरवून पाहिला असेलच?'
नाही पाहिला.

७ एप्रिल
नुसता कागद खरवडून फिरवला. तेच दुधाळ पाणी. तळाला काही बसेना.

८ एप्रिल
उकळलेला भुसा या वेळी कागदाऐवजी काचेच्या गाळणीतून गाळला. मिक्सरनंतर दहा मिनिटांत सगळा गाळ खाली.
म्हणजे फोटोतले तंतू भुशाचे नव्हेत. गाळणकागदाचे आहेत.
सर हळूच म्हणाले, "घाई करू नकोस. आधी मेमोचा निकाल लागू दे. अजून कुणाला कळलेलं नाही."
"मला कळलंय ना, सर!"
तार ऑफिस बंद व्हायच्या आत पोचले, पुण्याच्या बाईंना तार केली. 'लेख छापू नका. तंतू कागदाचे. चूक माझी. प्रयोग पुन्हा लावला आहे. — भिंगारदिवे.'