बरोबरची चिन्हं एकाखाली एक

बाई, तुमच्या गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात कविता म्हणायचो, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी मला पुढच्याच बाकावर बसवायचात. आज इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलोय ते कवितेमुळे नाही, गणितामुळेच. हसाल तुम्ही.

तुडीलहून मी महाडच्या शाळेत यायचो. एकदा फळ्यावर नुसतं उत्तर लिहून ऐटीत उभा राहिलो. "बाई, बरोबर हाय ना?" तुम्ही माझ्याच बोलीत म्हणालात, "बरोबर हाय रे, पण आलास कुठून? तुडीलहून आलास की आभाळातून पडलास? वाट दाखव." वर्ग खिदळला. मग तुमचे ते नियम. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी. चुकलेली ओळ रबरानं पुसायची नाही, तिच्यावरून एकच रेघ मारायची. खालची चूक वाचता आली पाहिजे. मार्चात चवदार तळ्यावर घोषणा देऊन आलात की दुसऱ्या दिवशी तुमचा घसा बसलेला असे. त्या घोगऱ्या आवाजात म्हणायचात, "पाणी आपल्या ओंजळीनं प्यायचं आणि गणितही आपलं आपण सोडवायचं." तेव्हा मला त्यातलं पाणीच तेवढं कळलं होतं.

आता माझी नात इथे पोलादपूरला दहावीत आहे. जन्मापासून तिची बोटं तिचं ऐकत नाहीत. पेन धरलं की कागद फाटतो. डोकं मात्र तुम्हाला आवडलं असतं असं. ती सांगायची, मी लिहायचो. "कंस सुरू, एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, भागिले..." तोवर माझा कंस भलतीकडेच मिटलेला असायचा. एक दिवस वैतागली. "आबा, तुम्ही आपल्या कविता उतरवा हो. माझं गणित मला दिसू तरी द्या!"

तिच्या आईनं मग लॅपटॉपवर गणित टाइप करायचं सॉफ्टवेअर शोधून काढलं. बटणांवर भोकं पाडलेली एक पट्टी बसवली, म्हणजे थरथरतं बोट शेजारच्या बटणावर घसरत नाही. एक बटण दाबलं की अपूर्णांकाची आडवी रेघ येते, वर-खाली रिकामी घरं. दुसरं दाबलं की अख्खी ओळ जशीच्या तशी खाली उतरते. बदलायचं तेवढं हिनं बदलायचं. पहिलं समीकरण सुटलं त्या संध्याकाळी ती पडद्याकडे नुसती बघत बसली होती. मी हाक मारली तरी हलली नाही.

पण शाळेतल्या सरांना ते पटेना. "लेखनिक देतो की आम्ही. हे यंत्रच गणित सोडवत असेल तर?" सराव परीक्षा तोंडावर आलेली, आणि लेखनिक म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा हात. सर म्हणाले, माझ्यासमोर सोडवून दाखव, मग ठरवू. आम्ही दोघं त्यांच्यापुढे बसलो. ती एकेक बटण दाबतेय, सर घड्याळाकडे बघतायत, आणि मधेच ती थांबते. वरच्या ओळीत चिन्ह चुकलेलं तिच्या ध्यानात आलं होतं. एका बटणानं सगळं नाहीसं झालं असतं. मी हळूच पुटपुटलो, "पूस गो, पूस." तिनं पुसलं नाही. त्या ओळीवरून एक रेघ ओढली आणि नवी ओळ घेतली. तुमचा नियम मी तिला लहानपणी गोष्टीसारखा सांगितला होता, बाई. मीच विसरलो होतो.

"पुसलं का नाही?" सरांनी विचारलं.

"वाट दिसायला पायजे ना, सर. आणि यंत्र सोडवत असतं तर ते चुकलं कशाला असतं?"

सर मोठ्यानं हसले. "परीक्षेला हेच घेऊन ये. आजोबांना तेवढं घरी ठेव, फार कुजबुजतात."

तुम्ही जाऊन वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टपालात टाकायचं नाहीच; टेबलाच्या खणात राहील. यातही चुकलेल्या ओळींवर एकेकच रेघ मारली आहे, तुम्हाला वाचता येईल अशी. संध्याकाळी तिच्या शेजारी बसतो तेव्हा पडद्यावर बरोबरची चिन्हं एकाखाली एक उतरत जातात, यमकं जुळत जावीत तशी, आणि मी मान डोलावतो. ती विचारते, "आबा, कळलं ना?" मी हो म्हणतो.

बाई, मला अजून त्यातली एकही ओळ कळत नाही.