चुलीकडची जागा

प्रिय बोराम,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू म्हणतेस, "आजी, युल रडतोय, ठेवते हं," आणि मीही लगेच म्हणते, "ठेव बाई, ठेव." गेले नऊ महिने आपलं असंच चाललंय. म्हणून विरंगुळा केंद्रातल्या अक्षरवर्गाच्या बाईंकडून चार कोरे कागद मागून आणले. माझी अक्षरं माझ्या दातांसारखी आहेत, काही आहेत, काही गळालीत. तेवढं समजून घे.

यंदा तेंदूची फळं अशी धरलीत की काय सांगू! सोलून ओसरीवर सुकायला टांगलीत, चिमण्या चोरतात. हिवाळ्याच्या किमचीच्या लोणच्यासाठी कोबीचे चाळीस गड्डे सांगून ठेवलेत. जेचनवाली म्हणाली, "एकट्या जिवाला चाळीस? काय, पलटण येणार आहे का?" तुला ती आठवते ना, पलीकडच्या घरातली? लग्न होऊन आली त्याला पंचावन्न वर्षं झाली, तरी तिच्या माहेरच्या गावावरूनच सगळे तिला हाक मारतात. मला मारतात तशीच. तिला म्हटलं, येईल पलटण, तुला काय करायचंय?

येईल की नाही, ते माझं मलाच ठाऊक नाही गं.

तू नववर्षाच्या सणाला युलला घेऊन आली होतीस, तेव्हाचं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सव्वादोन महिन्यांचं पोर, नाक लाल झालेलं. तू जमिनीला हात लावलास आणि म्हणालीस, "आजी, बर्फ आहे की जमीन? बॉयलर लाव की, जमीन तापू दे!" मी म्हटलं, लावलाय. खोटं बोलले. तू उठून स्वतः लावलास आणि मी तुझ्या पाठीमागे जाऊन बंद केला. दोनदा. तिसऱ्यांदा तू पकडलंस तेव्हा मी तुझ्यावर केवढ्यांदा ओरडले! माझाच आवाज मला ओळखू येईना. तू एवढंच म्हणालीस, "दर सणाला पैशांचं पाकीट देते, ते जातं कुठे? तुला तेल प्यारं की हा?" आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघून गेलीस. मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही.

बॉयलरच्या तेलाचं म्हणशील तर मी चिकट आहेच, ते कबूल. सगळा हिवाळा आम्ही म्हाताऱ्या विरंगुळा केंद्रात का बसतो? पत्ते खेळायला? तिथलं तेल सरकारी, म्हणून! संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की एकेकीची पावलं जड होतात. पहिल्या पगारातून तू मला लाल लोकरी आतले कपडे आणलेस, तेसुद्धा मी कागदातून काढले नव्हते. म्हटलं, मरताना घालीन. आता मला सांग, मेल्यावर कुठली थंडी वाजते? पण तेव्हा ते शहाणपणाचं वाटायचं. नवी वस्तू वापरली की छातीत धस्स व्हायचं, कुणी तरी पाठीमागून येऊन धपाटा घालील असं.

हा धपाटा कुठून आला ते तुला कधी सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची होते. तेव्हा स्वयंपाकघरात चूल पेटवायची आणि तिचा धूर खोलीच्या जमिनीखालून फिरायचा. चुलीकडची जागा सगळ्यात उबदार, ती वडीलधाऱ्यांची. आम्ही पोरं पार लांबच्या भिंतीला. एका रात्री मला फार थंडी वाजली, म्हणून आईचा डोळा चुकवून मी चुलीत चार लाकडं जास्त सारली. काय मस्त झोप लागली होती! सकाळी जळका वास आला. आईने गाय विकून आलेले पैसे त्याच जागी, जमिनीवर चिकटवलेल्या जाड कागदाखाली दडवले होते. सगळे करपून काळे पडले होते. आईने मला मारलं, मग माझ्याच गळ्यात पडून रडली. त्या वर्षी धाकट्या भावाची शाळा सुटली. मी तर शाळेत जातच नव्हते. त्यानंतर कुठेही जास्त ऊब लागली की मला ती राख दिसायची.

आणि बघ माझी अक्कल! पैसे ठेवायची वेळ आली तेव्हा मी ते कुठे ठेवले? आईनेच ठेवले होते तिथे. बँकेत कागद भरायचे, लोकांसमोर "मला लिहिता येत नाही" म्हणायचं, त्यापेक्षा आपली जमीन बरी. तुझी सहा वर्षांची पाकिटं, बोराम. एकही नोट मोडली नाही. तुझ्या अडचणीला, नाहीतर युलच्या शाळेला होतील म्हणून. तू बॉयलर लावलास तेव्हा तुझे पैसे जळतील म्हणून मी ओरडले. सांगता येईना, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, खर्च कर.

गेल्या महिन्यात जमिनीला फुगा आला, काळे डाग पडले. जेचनवाली नाक धरून म्हणाली, "अगं बाई, इथे अळंबी उगवतील!" आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने जमिनीवरच्या कागदाचा कोपरा उचकटला. खाली तुझ्या पिवळ्या नोटा, ओलीने एकमेकींना चिकटलेल्या, बुरशी आलेल्या. मी तिला आईच्या जळलेल्या पैशांपासून सगळं सांगून टाकलं. ती मेली मात्र पोट धरून हसतेय! "अगं वेडे, आता खाली आग नाही, नळीतून गरम पाणी फिरतं. कागद नाही जळत त्याने! जमीन तापवली असतीस तर चांगल्या कोरड्या राहिल्या असत्या." मग म्हणाली, "साठ वर्षं चूल विझवत बसलीस, आणि चूल कधीच गेली." तेव्हा मात्र ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला बँकेत नेलं. नोटा बिस्किटांच्या डब्यात. काउंटरवरची मुलगी चिमट्याने एकेक सोडवत होती, समुद्री शेवाळाचे पापुद्रे सोडवावेत तशी. म्हणाली, "आजी, यांना थंडी बाधलीय!" बऱ्याचशा पूर्ण बदलून मिळाल्या, काहींचे अर्धे आले, दोन गेल्या त्या गेल्याच. आणि ऐक, मला वाटलं होतं दोन गेल्यावर माझा जीव जाईल. तसं काहीच झालं नाही. बाहेर येऊन आम्ही दोघींनी गरम सूप प्यायलं, पैसे मी दिले. माझ्या नावाचं खात्याचं पुस्तकही काढलं, सही मी स्वतः केली. नाव तीन अक्षरांचं, पण मला घाम फुटला होता!

तर पत्र लिहायचं कारण असं. या महिनाअखेरीस युलला वर्ष होईल. शहरातला हॉल ठरवला नसशील तर त्याचा पहिला वाढदिवस इथे करू. त्याच्यासमोर दोरा, पेन्सिल, नोट सगळं मांडू, हवं ते उचलून आपलं नशीब सांगू दे त्याला. तेलाची टाकी काठोकाठ भरून घेतलीय, तुझ्याच पैशांनी. उरलेले पुस्तकात आहेत, पण त्यातलेही मी खर्चणार आहे, आधीच सांगून ठेवते. तू विचारलं होतंस, तेल प्यारं की हा. नऊ महिने झाले, उत्तर द्यायला उशीर झाला, तेवढं माफ कर. नाही आलीस तरी मी रागावणार नाही, टाकी पुढच्या सणापर्यंत पुरेल. जमीन नवी करून घेतलीय आणि आज सकाळपासून बॉयलर लावलाय. लिहिताना पाय असे शेकून निघालेत की मध्येच डुलकी लागली. जेचनवालीचं मांजर सारखं जुन्या चुलीकडच्या जागेवर येऊन पसरतंय. तिसऱ्यांदा उचलून बाहेर ठेवलं आणि बजावलं, ऊठ, ही जागा आमच्या युलची आहे.

तुझीच,
लाल कपडे घालून बसलेली आजी