नागवेलीची सावली

नाशिक, १० मार्च

चि. अर्जुन यास, अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. माझा राम मुलासारखा नाही, मुख्याध्यापकासारखा मला चालवून घेतो. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस, म्हणून लिहून पाठवते. परसातल्या कडुलिंबाखालची आईची नागवेल सांभाळ. पाणी रोज, पण चिखल नको. तुझ्या वर्षाराणीच्या साखरपुड्याचा विडा याच वेलीच्या पानांचा करायचा, हे आईचं शेवटचं मागणं तुला ठाऊक आहे. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर कुंड्यांतल्या फर्नपाशीसुद्धा हळू बोलायच्या. तू निदान तिथे बिडी ओढू नकोस.

छबुबाईला आशीर्वाद. आम्हा सगळ्यांवर तुझी माया आहेच, थोडी वेलीलाही दे.

तुझी अक्का, वनमाला

कडा, २ एप्रिल

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

एक चूक झाली. वेल सावलीत दबलेली दिसली. बांधावरच्या झाडाखाली ज्वारी खुरटते, तसंच वाटलं. हरिबा धनगराला बोलावून लिंबाच्या फांद्या सवळून घेतल्या. त्याच्या शेळ्या लई खूश झाल्या. तीन दिवसांत वेलीची पानं पापडासारखी करपली. छबू माझ्याशी बोलत न्हाई, जेवायचं ताट मात्र आपटून ठेवते. साखरपुडा १४ मेला आहे. काय करू ते कळव. रागाव, पण पत्र पाठव.

तुझा अर्जुन

नाशिक, ८ एप्रिल

चि. अर्जुन यास, आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग शेळ्यांची आठवण येऊन हसले. ज्वारीला ऊन लागतं, नागवेलीला सावली. जन्मभर शेती करून हे तुला आज कळलं. आता वेलीवर उंच आडोसा बांध, खाली हवा खेळू दे. बुडाशी ओलं पोतं ठेव. करपलेली पानं काढ, दांडा हिरवा असेल तर आशा आहे. छबुबाईला म्हणावं, ताटं जपून.

अक्का

कडा, ५ मे

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

आडोशाला घरात काहीच मिळेना. शेवटी माळ्यावरून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलो तेव्हाचा माझा फ्लेक्स काढला आणि उंच ताणून बांधला. तोंड वर ठेवलं, खाली ठेवलं तर पाणी घालताना मलाच माझे जोडलेले हात दिसायचे. पण शेजारच्या बंकटनं गच्चीवरून पाहिलं. मला पाडून सरपंच झालेला माणूस तो. त्याला वाटलं, मी पुन्हा तयारीला लागलो. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या गल्लीतली तुंबलेली नाली साफ करून घेतली. परवा खांबावर दिवाही बसला.

आणि अक्का, दांड्याला सात कोवळी पानं आलीत. छबू कालपासून बोलते. पहिलं वाक्य होतं, वेलीजवळ जाऊ नका.

तुझा अर्जुन

नाशिक, ९ मे

चि. अर्जुन यास, आशीर्वाद.

मी १३ तारखेला येते. पाच पानं वर्षाराणीच्या विड्याला, एक आईच्या फोटोपुढे, एक वेलीवरच राहू दे. लिंबाला दाट पाला येईपर्यंत फ्लेक्स काढू नकोस. आणि बंकटला खरं सांगू नकोस. गल्लीचा रस्ता अजून व्हायचा आहे.

आल्यावर तुझी माया वेलीपाशी, सावलीत ठेवलेली सापडावी.

तुझी अक्का