अण्णांच्या खाटेची नवार

दादा,

स्पीकरच्या खोक्याला हात लावू नकोस. तू बांधलेली सुतळी दुपारी तुटली. फेव्हिकॉल अजून ओला होता, त्यामुळे वाकवलेल्या बाजू करकरत सरळ व्हायला लागल्या. अण्णांनी धावत जाऊन खोकं कवटाळून धरलं, आणि नेमका तेव्हाच तुझ्या ऑफिसातला माणूस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "विद्याधर तीन आठवडे कामावर का येत नाही?"

अण्णांनी खोक्यावरचे हात सोडले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या खाटेची नवार काढ." मी काढली, त्यांनी ती खोक्याभोवती आवळून बांधली. मग इस्त्रीचा शर्ट घातला. आता वांद्र्याला तुझ्या साहेबांना भेटायला निघालेत. मी अडवून बघितलं, ऐकत नाहीत. खाली रिक्षा बघताहेत, मी पण सोबत जातेय.

कुकर झालाय, आमटी तेवढी गरम कर. आणि प्यायच्या पाण्याच्या पिंपात परत प्लायवूड भिजवू नकोस, चहालासुद्धा लाकडाचा वास येतोय. रोज सकाळी तुझा डबा मी भरत होते रे. कुठे बसून खात होतास?

नवार उद्या सकाळपर्यंत सोडायची नाही, असं अण्णांनी बजावलंय. म्हणजे आज ते जमिनीवर झोपणार. आम्ही आलो की तू स्वतः बोल. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

जयू