मागच्या चाकाचे दोन पॉइंट

रविवार, संध्याकाळ. मानपाडा.

बाबांच्या बाइकला मी बसवलेले हवेचे सेन्सर रोज सकाळी मागच्या चाकात दोन पॉइंट कमी दाखवत होते. बाबा टायरला लाथ मारून म्हणायचे, "अगं, टणक आहे. तुझं यंत्रच खोटं." मीच नीट बसवले नसतील का? आज आईला मागे बसवून ते टिटवाळ्याला जाणार होते, म्हणून काल मी पुढच्या-मागच्या सेन्सरची अदलाबदल केली, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये त्यांची नावंही बदलली. सकाळी तेच दोन पॉइंट, मागच्याच चाकात; म्हणजे खोट सेन्सरमध्ये नव्हती. साबणाचं पाणी लावलं, तर व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्ह बदलला आणि हवा बत्तीसपर्यंत भरली.

निघताना बाबांनी लाथ मारली नाही. मला विचारलं, "किती दाखवतंय गं?"

"बत्तीस," मी म्हणाले. आवाज अगदी साधा ठेवला.